माझा माओता

विद्येचे मोल घेणाऱ्या गुरूने शिष्यावर प्रेम करावे असा दंडक कोठेही नाही. परंतु शिष्याची चूक दिसत असता द्वेषापोटी मौन धरणे, ही मात्र मोल घेऊन केलेली चोरी होय. फिलेमोनी मास्तर हे जाणून होते; तरीही त्यांनी ते केले.

सामोआतल्या शाळेतून निवृत्त होऊन ते ब्रिस्बेनजवळ लोगनला लेकीकडे आले होते, आणि इकडेच जन्मलेल्या सामोअन मुलांना घरोघर जाऊन मातृभाषा शिकवीत स्वतःचा खर्च भागवीत होते. लाफाएले हा त्यांचा सर्वांत धनवान, सर्वांत उर्मट आणि एकमेव प्रौढ शिष्य. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणाऱ्या ट्रकांचा त्याचा धंदा होता. चुलत्याच्या निधनाने कुळाच्या प्रमुखाची पदवी रिकामी झाली होती. ती कोणास द्यावी हे ठरविण्यासाठी गावाकडची वडीलधारी मंडळी यायची होती. लाफाएलेने त्यांचे स्वागत शुद्ध सामोअन भाषेत केले, तरच त्याला आशा होती.

पाठ ट्रकांच्या आवारात चाले. लाफाएले खुर्चीत, मास्तर पालथ्या खोक्यावर. मानधनाचे पाकीट तो बॉनेटवर फेकी.

"'सभा संपली की माझ्या माओतामध्ये जेवायला चला,'" लाफाएलेने एकदा स्वागताच्या भाषणातले वाक्य म्हणून दाखविले.

"माओता दुसऱ्याच्या घराला म्हणायचं," मास्तर म्हणाले. "आपलं ते फाले, साधं घर. आदराचे शब्द समोरच्यासाठी असतात बाबा, स्वतःसाठी नाहीत."

"माझं घर बघितलंय का मास्तर? पाच न्हाणीघरं आहेत. त्याला फाले म्हणू? फाले तुमच्या लेकीचं."

"शब्द काही न्हाणीघरं मोजत नाही."

"ते गावाकडे. इथे पैसे मी देतोय. तुम्ही नुसते उच्चार बघा."

त्या दिवसापासून मास्तरांनी नुसते उच्चार पाहिले. तो 'माझा माओता' म्हणे, आणि मास्तर मान डोलावून सांगत, "'ओ'वर जरा जोर दे." हसणारे सभागृह त्यांना आत्ताच डोळ्यांपुढे दिसे आणि ते चित्र गोड लागे. घरी प्रार्थनेला बसले की तेच कडू होई. आवाराकडे निघाले की पुन्हा गोड.

सभा चर्चच्या सभागृहात भरली. पाहुणे चटयांवर बसले. लाफाएले बरा बोलला, आणि मग अगदी निर्दोष उच्चारात ते वाक्य बोलला.

मागे कोणी बाई फिसकन हसली. पाहुण्यांतल्या वृद्ध वक्त्याने काठी आडवी ठेवली.

"ऐकलंत का? याच्या माओतात जेवायचंय आपल्याला. मग आमच्या घरांना काय म्हणायचं रे, डुकरांची खोपटं?"

सभागृह हसले. लाफाएलेची मान तांबडी झाली. त्याने वळून मास्तरांकडे पाहिले. त्या दृष्टीत याचना नव्हती, निखळ द्वेष होता. मास्तरांनी ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच, आणि त्याला काही चव नव्हती.

मास्तर वाकून उभे राहिले. "क्षमा असावी. याला मी शिकवलं. चुकीचा शब्द घासूनपुसून मीच दिला. कळत असून."

"कळत असून? आणि इथल्या पोरांनाही असंच शिकवतोस?" वृद्धाने विचारले.

भोवतालचे आईबाप एकमेकांकडे पाहू लागले.

"बघा," लाफाएले म्हणाला, "पैसे घेऊन म्हाताऱ्यानं खड्ड्यात घातलं मला." हे पूर्ण सत्य नव्हते, असत्यही नव्हते.

"त्याला शिव्या मागाहून दे," वृद्ध म्हणाला. "आधी वाक्य नीट म्हण."

लाफाएलेने दात आवळले. "माझ्या... फालेमध्ये." जोर भलत्याच अक्षरावर पडला.

"'फा'वर," मास्तर जागेवरूनच हळू म्हणाले. "जोर 'फा'वर."

जळजळीत नजरेने मास्तरांकडे पाहत लाफाएले पुन्हा म्हणाला, आणि या वेळी बरोबर म्हणाला. वृद्धाने काठी उचलली. "पदवीचं बघू पुढे. जेवायला येतो."

मास्तरांना कोणी जेवायला बोलाविले नाही. दारातल्या चपलांच्या ढिगातून आपल्या चपला शोधून ते पायीच घरी निघाले.

लाफाएलेच्या साध्या घरी पाहुणे तृप्त होवोत. आणि चूक दिसताच ती सांगण्याचे बळ फिलेमोनींच्या जिभेला अखेरपर्यंत राहो.