जहाज नसताना हलणारा हात

मी एक जुना हात आहे, मित्रांनो. मला खांदा आहे, कोपर आहे, मनगट आहे. बोटं तेवढी नाहीत. बोटांच्या जागी एक गोल तोंड आहे. त्या तोंडाने मी जहाजाला घट्ट धरतो आणि धक्क्यावरच्या टाक्यांतलं कच्चं तेल माझ्या पोटातून जहाजात जातं. बंदरावर मला लोडिंग आर्म म्हणतात. आम्ही तिघे आहोत. मी तिसरा, सगळ्यांत उंच.

सगळं क्रमाने सांगायचं ठरवलं होतं. आधी जन्म, मग नोकरी, मग वाईट दिवस. पण आज ते जमेलसं दिसत नाही, कारण समुद्रावर एक ठिपका उगवला आहे आणि माझं सगळं लक्ष तिकडे आहे.

तर, जन्म. एका दणदणाटी कारखान्यात जाड नळ्या कापून, जोडून मला घडवलं. कोपरात पोलादी गोळ्या बसवल्या, म्हणजे मी न कुरकुरता वळावं. त्यांच्या शेजारी रबराचं एक कडं बसवलं, म्हणजे तेलाचा थेंबही बाहेर पडू नये. माझा सगळा जीव त्या कड्यात आहे. मला मुद्दाम उंच केलं, कारण रिकामं जहाज पाण्यावर फार वर तरंगतं, आणि समुद्रापलीकडच्या दूरच्या किनाऱ्याला जाणारी जहाजं तर इमारतींएवढी. माझे दोघे भाऊ तिथवर पोचत नाहीत. ते शेजारच्या किनाऱ्याची बुटकी जहाजं भरतात.

— ठिपक्याला नाक आलं. जहाजच आहे.

माझी देखभाल एक मेकॅनिक बाई करते. तिला सगळे ग्रीसताई म्हणतात, कारण तिच्या खिशात रुमाल शोधायला जावं तर ग्रीसचं फडकं हाताला लागतं. तिचा धाकटा भाऊ पलीकडच्या किनाऱ्यावरच्या रिफायनरीत भट्टी सांभाळतो. आमचं तेल तिथे उकळून त्याचं पेट्रोल, डिझेल, डांबर करतात. बहिणीने इकडून भरायचं, भावाने तिकडे उतरवून घ्यायचं. जहाज पोचलं की त्याचा फोन यायचा, "ताई, डबा पोचला." ती म्हणायची, "सांडलं नाही ना? मग पुरे."

काय दिवस होते ते! एक जहाज सुटायचं, तोवर दुसरं भोंगा वाजवायचं. कप्तान खाली उतरून माझ्या खांद्यावर थाप मारायचे. मला वाटायचं, हे असंच चालणार.

मग पलीकडची जहाजं यायची थांबली. एकदम नाही. आधी विरळ झाली, मग नाहीतच.

कोणतं जहाज कोणत्या किनाऱ्याला जाणार हे ज्यांच्या हातात असतं, त्यांना आम्ही वाटपसाहेब म्हणतो. ग्रीसताईने त्यांना माझ्याच सावलीत गाठलं.

"साहेब, विहिरी आटल्या का?"

"नाही हो."

"मग पलीकडच्यांशी भांडण?"

"तेही नाही."

"मग माझ्या भावाच्या रिफायनरीने कुणाचं घोडं मारलंय?"

साहेब हसले. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. "हे बघा ताई. सगळीकडे टाक्या तुडुंब भरल्यात. माल फार झाला की भाव पडतो. आपल्या देशाचा सगळा खर्च तेलावर. म्हणून तेल काढणाऱ्या देशांनी मिळून ठरवलं, थोडं कमी सोडायचं."

"मग सगळ्यांनाच थोडं थोडं कमी करा की. एकाच्याच ताटातून का उचलता?"

"कारण पलीकडे टाक्यांत किती साठा आहे ते दर आठवड्याला जाहीर करतात. तिथे साठा घटला की दुसऱ्याच दिवशी सगळ्या जगाला कळतं आणि भाव सावरतो. शेजारचे लोक साठा सांगतच नाहीत. तिथे कमी केलं तर कुणाला पत्ता लागणार? शिवाय शेजारी नव्या रिफायनऱ्या उभ्या राहतायत. त्यांना आज नाही म्हटलं तर उद्या दुसरा देश ते गिऱ्हाईक पळवेल. पलीकडच्यांचं तसं नाही, त्यांच्या स्वतःच्याच जमिनीत आता तेल सापडलंय."

"आणि माझा भाऊ?"

"त्याची भट्टी आपल्या जड, दाट तेलासाठीच बांधलीय. त्यांना अडचण होणार. मला कळतं ते." साहेबांनी टोपी परत घातली.

मित्रांनो, मी वरून सगळं ऐकत होतो. तोवर मला वाटायचं, तेल जिथे लागतं तिथे जातं. त्या दिवशी कळलं की ते कुठे जाणार हे ठरवताना भाव बघतात, गिऱ्हाईक बघतात, घरची गरज बघतात, आणि कोणाची टाकी सगळ्यांना दिसते तेही बघतात.

— कप्तान उभा राहतो तो जहाजाचा वरचा मजला दिसतोय आता. पांढरा. उंच आहे. बापरे, खरंच उंच आहे.

काम नाही म्हणून मला कापायचं ठरलं. माझ्या कोपरातल्या गोळ्या भावांना, बाकीचं भंगारात. ग्रीसताई पुन्हा साहेबांकडे गेली. "कमी केलंय ना? बंद नाही ना केलं? मग राहू द्या त्याला." साहेब म्हणाले, "ठीक आहे. पण जहाज आल्यावर गळला, तर मी मध्ये पडणार नाही. त्याच दिवशी गॅसकटर."

त्यानंतर आठवड्यातून एकदा ती यायची. ग्रीस भरायची, कळ दाबायची आणि मला रिकाम्या समुद्रावर पुढे काढायची. डावीकडे. उजवीकडे. वर. खाली. परत.

हात न हलवता ठेवला की रबराचं कडं एका जागी दबून सुकतं, चिरतं. हे धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होतं, तरी दोर बांधणारे खलाशी चिडवायचेच.

"ग्रीसताई, कुणाला टाटा करताय?"

"तुमच्या अकलेला. निघाली ती केव्हाच."

डावीकडे. उजवीकडे. वर. खाली. परत.

एकदा कुणी बडे पाहुणे येणार म्हणून धक्का रंगवायचा हुकूम निघाला. रंगाऱ्याने माझं कोपरही झकास पिवळं करून टाकलं, फटींसकट. पुढच्या वेळी ग्रीसताईने कळ दाबली, तर मी जागचा हलेना. रंग फटीत वाळून बसला होता.

"अहो, सांध्यावर कुणी रंग मारतं का?"

"मला वाटलं, हा शोभेचाच आहे," रंगारी म्हणाला. बिचारा खरंच ओशाळला. मग दोघांनी शिडीवर बसून, लाकडी पट्टीने, कडं न दुखवता तो सगळा रंग खरवडून काढला. त्याने चहा आणला. तिने तो शिडीवरच प्यायला.

आणि तिकडे, पलीकडे, साठा घटत गेला. भाव वर आला. तिथले लोक दुसऱ्या देशांचं तेल आपल्या भट्ट्यांत घालून पाहू लागले. ते जमलं असतं तर आमच्याकडे कोण फिरकणार? मग इकडच्यांनाच घाई झाली. हुकूम उलटा फिरला आणि

— लागलं! जहाज धक्क्याला लागलं. भावांनी मान वर केली, पोचले नाहीत. आता मीच.

पुढे काढलं मला. मनगट वळलं. तोंड जुळलं. पकड बसली. तेल सोडण्याआधी माझ्या पोटात हवा भरतात आणि सांध्यावर साबणाचं पाणी लावतात. गळती असेल तर बुडबुडे येतात. ग्रीसताईने ब्रश फिरवला. साहेब शेजारी उभे आहेत. गॅसकटरचं सिलिंडर खरंच मागे आणून ठेवलं आहे.

एक बुडबुडा आला.

तो फुगला. त्यात आभाळ दिसत होतं. ग्रीसताईने श्वास रोखला, मी तर रोखलेलाच होता.

फुटला. दुसरा आला नाही. ब्रशचाच होता तो.

"सोडा," ती म्हणाली. आणि तेल आलं, मित्रांनो, जड, कोमट, ओळखीचं, माझ्या खांद्यातून कोपरात, कोपरातून मनगटात. कोपर कोरडं आहे.

तिने भावाला फोन लावला. "निघालं रे."

पलीकडे त्याने कुणाला तरी हाक मारून बातमी सांगितली. मग, "भट्टी पेटवतो, ताई."

साहेबांनी सिलिंडर न्यायची खूण केली. "पण ताई, पुन्हा कमी करायची वेळ येईल हं. येतेच ती."

"तर करा. मी येत जाईन आठवड्याला."

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी काम सुटून उभं असेल. भिंतीला टेकवलेली सायकल, झाकणाखालचं शिवणयंत्र. तेलाचा एक थेंब द्या आणि फिरवा त्यांना, मागणी नसतानाच फिरवा. बोलावणं येतं तेव्हा सुकलेल्या सांध्यांना तयारीला वेळ मिळत नाही.

आता थांबतो. जहाज भरू लागलं आहे, ते खाली बसतंय, आणि त्याला धरून मलाही हळूहळू वाकायचं आहे.