बिनचिंचेची आमटी

"मावशी, भाकरी थापत थापत ऐक. समज, तू पेशी. माणसाच्या अंगातली इवलीशी खोली."

"एवढी जाडजूड खोली व्हय?" मायाक्का हसली.

सोलापुरात कडक भाकऱ्या करून विकण्यात तिचा जन्म गेला होता. भाची शिवलीला तिच्याकडे राहून कॉलेजात जंतूंचं शास्त्र शिकत होती आणि उद्याच्या सेमिनारची रंगीत तालीम चुलीपाशीच चालली होती. विषय घटसर्प. तो शब्द कानी पडताच मायाक्काचा हात थबकला.

तिचा धाकटा भाऊ तिप्पण्णा लहानपणी घटसर्पानंच गेला होता. त्याच्या आदल्या आठवड्यात मायाक्कानं त्याला चिंचा पाडून दिल्या होत्या. "हिनंच आंबट चारलं," असं त्यांची आई, अव्वा, मरेपर्यंत म्हणत राहिली. मायाक्काच्या घरात पुढे कधी चिंच आली नाही. तिच्या आमटीला सगळे नावं ठेवत, ती हसण्यावारी नेई. पण तो आळ तिला मनातून खराच वाटे.

"जंतू घशातच बसतो," शिवलीला रंगात आली होती. "पेशीत शिरतं ते त्याचं विष. त्याचे दोन भाग, जोडीनं फिरणारे. एक दाराला चिकटतो. पेशी बिचारी त्याला पिशवीत घालून आत घेते, आणि पिशवी आंबट करते. तिथंच फसते! आंबट लागलं की पहिला भाग उलगडतो, पिशवीच्या भिंतीत घुसून वाट करतो, आणि दुसरा आत सटकतो. मग पेशीचं कामच बंद."

मायाक्काचा चेहरा उतरला. "म्हंजी आंबटानंच की गं. अव्वा खरंच बोलत हुती."

घरात ऐकलेली चिंचांची ती गोष्ट शिवलीलाला क्षणभरानं आठवली. मग तिनं मावशीचे पिठाचे हात घट्ट धरले. "अगं, ते आंबट पेशीचं स्वतःचं! तुझ्यात, माझ्यात, सगळ्यांच्यात असतंय. चिंच खा, नको खाऊ, तिथं काही फरक पडत नाही. मामाला लस मिळाली नाही, एवढंच."

"चिंचंचं कायबी न्हाय?"

"कायबी न्हाय."

"परत सांग की. पयल्यापासनं."

शिवलीलानं सगळं पुन्हा सांगितलं. तोवर तव्यावरची भाकरी करपली.

"करपू दे," मायाक्का डोळे पुसत म्हणाली, "कडकच तर करायची हाय."

दुसऱ्या दिवशी शिवलीला सेमिनार गाजवून आली आणि हातपाय धुऊन जेवायला बसली. पहिल्याच भुरक्याला तिचे डोळे मिटले. "मावशी! केवढी चिंच घातलीस!"

"अंदाजच न्हाय राहिला गं," म्हणत मायाक्का खदखदून हसली.

पहिली वाटी तिनं अव्वाच्या फोटोपुढं ठेवली होती.