मान वाकडी करून वाचावे

शेवटचं मिनिट. टपाल संघाच्या लंबूनं डाव्या पायानं असा फटका मारला की चेंडू जाळ्यात आणि जाळं आभाळात. शिट्टी वाजली. टपाल विजेते! लोकांनी पेंटरला खांद्यावर उचललं आणि

खरवडा. हे सगळं खरवडून टाका. असं काही झालं नाही. लंबूचा फटका मैदानाबाहेर लावलेल्या सायकलींवर गेला. आणि पेंटरला कोणी खांद्यावर घेतलं नाही. त्याचं वजन बघता ते खांद्यांच्या दृष्टीनं बरंच झालं.

पण तुम्ही वाचलंत ना? खरवडलं तरी वाचता येतं. पेंटरचं दुखणं नेमकं तेच आहे.

तर पुन्हा. खालच्या थरापासून.

पेंटर पाट्या रंगवायचा. एके काळी अर्ध्या शहराच्या दारांवर त्याचं अक्षर होतं. मग छापील फ्लेक्स आले आणि अक्षर दारांवरून उतरलं. हातात उरलं ते ‘गेटसमोर गाडी लावू नये’ आणि दातांच्या डॉक्टरांच्या वेळा. मानाचं म्हणावं असं एकच काम टिकून होतं: फुटबॉल असोसिएशनचा विजेत्यांचा फळा. काळाभोर, माणसाएवढा उंच, लाकडी. दर वर्षी एक ओळ, सोनेरी. हंगाम संपत आला की फळा वॉर्निशसाठी पेंटरच्या दुकानात यायचा आणि शेवटच्या सामन्यानंतर नवी ओळ घेऊन हॉलमध्ये परत जायचा.

यंदा फळ्याबरोबर असोसिएशनचे सेक्रेटरीही आले. खुर्चीवर रंग नाही ना हे बोटानं तपासून बसले.

“पेंटर, कमिटीचं म्हणणं आहे, पुढच्या वर्षीपासून स्टिकरची अक्षरं लावावीत. मशीन कापतं. स्वच्छ.”

“साहेब, मशीनला हात असतो का? कुठं थांबायचं ते हाताला कळतं.”

हे वाक्य लक्षात ठेवा. पेंटरनं ते छाती काढून म्हटलं होतं.

“बघू,” सेक्रेटरी म्हणाले. “यंदाची ओळ बघून ठरवू.”

म्हणजे एका ओळीवर सगळं आलं. ती नीट उतरली तर फळा पेंटरचा. नाहीतर उरलेलं आयुष्य दातांच्या डॉक्टरांच्या हवाली.

आता टपाल. पोस्टातल्या लोकांचा संघ. पेंटरचा पोस्टाशी संबंध म्हणजे त्याचे वडील पोस्टाच्या लाल पेट्या रंगवायचे, एवढाच. पण माणूस एकदा एखाद्या संघाच्या नादाला लागला की कारण विचारू नये. ते लग्नासारखं आहे. फळ्यावर टपालचं नाव कधीच आलं नव्हतं. इतरांची सगळ्यांची नावं पेंटरनं स्वतःच्या हातानं लिहिली होती, दात ओठ खात, पण सुबक. सगळ्यांत जास्त वेळा ‘पाणीपुरवठा’, कारण तो संघ तगडा होता. आणि त्या खात्यात व्हॉल्व्ह फिरवणारा इसम म्हणजे पेंटरचा सख्खा मेहुणा.

“भावोजी, टपाल ना?” मेहुणा दर हंगामात म्हणायचा. “आज नाही आलं तर सोमवारी येईल. काळजी करू नका.”

यंदा मात्र टपाल सुसाट सुटलं होतं. चार सामने उरले, नऊ गुणांची आघाडी. एक जिंकायचा, एक बरोबरीत सोडवायचा, की खेळ खलास. मेहुणा घरी यायचा बंद झाला. पेंटरची बायको दवाखान्यात मलमपट्टी करायची, ती म्हणाली, “माझा भाऊ बेपत्ता झालाय तुमच्या संघापायी. तेवढं एक चांगलं काम केलंत.”

आणि एका दुपारी वॉर्निश सुकत होतं.

पेंटर म्हणाला, नुसतं माप तर घेऊ. तीन अक्षरं, जागा पुरेपूर. मग म्हणाला, खडूनं आखू. खडू काय, फुंकर मारली की जातो. मग त्याच्या लक्षात आलं की सराफाच्या पाटीसाठी उघडलेला सोनेरी डबा साय धरतोय. रंग वाया घालवणारा का माणूस म्हणायचा? मनगट आधाराच्या काठीवर टेकलं, श्वास कोंडला आणि शिरोरेघ एका दमात ओढली. अशी शिरोरेघ त्यानं जन्मात ओढली नव्हती. हात कुठं थांबला? कुठंच थांबला नाही. टपाल. दोन्ही बाजूंना एकेक वेलबुट्टी, जी आजवर कोणत्याही विजेत्याला मिळाली नव्हती.

मागे सरून तो बघत राहिला. त्याला अक्षरशः भरून आलं. इथंच जर पृथ्वी थांबली असती तर

खरवडा. पृथ्वी थांबत नाही. शनिवार आला आणि टपाल हरलं.

होतं असं, लोक म्हणाले. पेंटरही म्हणाला. पण घरी येऊन त्यानं फळ्यावर चादर टाकली. पुढच्या शनिवारी एक-एक बरोबरी, तीही पेनल्टी फुकट घालवून. त्यानं फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला. तिसऱ्या शनिवारी बचावातला ‘भिंत’ नावाचा खेळाडू, ज्याच्या डोक्यावर सगळा हंगाम तोलला होता, त्यानं तेच डोकं लावून चेंडू आपल्याच जाळ्यात पाठवला. आघाडी एका गुणावर आली. तिकडं पाणीपुरवठा धो धो जिंकत होता.

मैदानातल्या बाकावर टपालवाले पोस्टमन चिडून लाल झाले होते.

“कोणाची तरी दृष्ट लागली, सांगतो मी!”

“कोणीतरी आधीच पेढे वाटले असणार.”

“सापडला पाहिजे हरामखोर!” यात सगळ्यांत मोठा आवाज पेंटरचा होता. तो उभा राहून, मूठ वळून ओरडला. शेजारच्या म्हाताऱ्या पोस्टमास्तरांनी कौतुकानं त्याची पाठ थोपटली. “असा जीव लावणारा माणूस पाहिजे संघाला.” पेंटरला खाली बसावंसं वाटलं, जमिनीच्याही खाली.

खरवडून का टाकलं नाही, असं तुम्ही विचाराल. बायकोनंही विचारलं, चादर तिची होती, त्यामुळे ती उचलून बघणं तिच्या हक्कात होतं. तिनं ओळीची दोन्ही टोकं बघितली. मग म्हणाली, “वेलबुट्टीसुद्धा?”

“अगं, पण आता पुसलं तर काय होईल, विचार कर. पुसलं आणि हरले, तर मी विश्वास सोडला म्हणून हरले. ठेवलं आणि हरले, तर मी लिहिलं म्हणून हरले.”

“आणि त्या अकरा जणांना पळता येत नाही म्हणून हरले, असं नाही का होऊ शकत?”

पेंटरनं तिच्याकडं दयेनं पाहिलं. बायकांना फुटबॉलमधलं काय कळतं! अकरा माणसं मैदानात घाम गाळतात, पंच शिट्ट्या फुंकतात, आणि निकाल मात्र दोन गल्ल्या पलीकडं एका चादरीखाली लागतो, एवढी साधी गोष्ट तिला कळेना.

शेवटचा सामना तळाच्या संघाशी होता. त्यांचा गोलकीपर आजारी, म्हणून गोलात एक जाड चष्मेवाला उभा होता. त्या चष्म्याला टपालला एकदाही चकवता आलं नाही. एक-शून्य. हरले. दुसऱ्या मैदानावरून पाणीपुरवठ्याचे फटाके ऐकू आले. लंबूच्या त्या फटक्यानं कोणाच्या तरी सायकलची घंटी वाजली. टपालच्या हंगामाची अखेरची शिट्टी म्हणायची तर तीच.

मग खरवडणं आलं. पातं, पॉलिश पेपर, टर्पेंटाइन. बायको दारात उभी. “जखम फार उकरू नका, व्रण राहतो,” ती म्हणाली, आणि कामावर गेली. पेंटर उकरत राहिला. सोनं निघालं, पण रंग वॉर्निशमध्ये मुरला होता. अक्षरांच्या कडा लाकडाला धरून बसल्या होत्या. काळ्या रंगाचा हात दिला, वर वॉर्निश, वर ‘पाणीपुरवठा’. समोरून बघितलं तर बेमालूम. खिडकीकडून तिरपं ऊन आलं की मात्र पाणीपुरवठ्याच्या पोटातून टपाल उठून उभं राहायचं. वेलबुट्टीसकट.

मेहुणा आला. आता रोज येत होता. दारातूनच “भावोजी, आमचं नाव दाखवा!” म्हणत खिडकीपाशी गेला आणि तिथंच थबकला. मान वाकडी केली. सरळ केली. पुन्हा वाकडी केली.

“भावोजी.”

“बोलू नको.”

“कधी लिहिलंत?”

“चार सामने होते तेव्हा.”

मेहुणा आधी इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाला, “सेक्रेटरी कधी येणारेत?”

“आत्ता.”

तो उठला आणि खिडकीत जाऊन उभा राहिला. चांगला आडवा माणूस. खिडकी भरली, ऊन अडलं, टपाल विझलं. पेंटरला वाटलं, उगाच या माणसाला इतकी वर्षं शिव्या घातल्या.

सेक्रेटरी आले. फळ्यासमोर उभे राहिले. “वा. हात अजून चालतो तुमचा, पेंटर.” आणखी निरखून, “शिरोरेघ जरा जपून ओढलीय यंदा.”

“वय झालं, साहेब.”

“तरीपण. मी कमिटीला सांगतो की फळा तुमच्याकडेच”

आणि मेहुण्याला राहवलं नाही. आपल्या संघाचं नाव, ताजं, सोनेरी. “वेलांटी बघा साहेब, काय काढलीय!” म्हणत तो बोट दाखवायला पुढं आला. खिडकी मोकळी झाली.

सेक्रेटरींची मान हळूहळू वाकडी झाली.

मेहुणा पुन्हा खिडकीत जाऊन उभा राहिला, पण आता त्याचा उपयोग नव्हता.

“हाताला कळतं, म्हणाला होतात,” सेक्रेटरी म्हणाले. रागानं नाही, त्यामुळे जास्त लागलं. “पुढच्या वर्षीपासून स्टिकर. ही ओळ राहू दे, आता वेळ नाही.”

रविवारी हॉलमध्ये बक्षीस समारंभ झाला. पाणीपुरवठ्यानं ढाल घेतली, मेहुण्यानं गळा फाडला. फळा भिंतीवर, त्यावर पेंटरची शेवटची ओळ. टपालवाले मागच्या रांगेत तोंडं पाडून बसले होते. संध्याकाळचं ऊन बाजूच्या खिडकीतून फळ्यावर चढलं, तेव्हा म्हातारे पोस्टमास्तर पुटपुटले, “अरे!” आणि त्यांची मान एका बाजूला कलली. मग त्यांच्या शेजारच्याची. मग सबंध रांगेची, वाऱ्यात गवत कलावं तशी.

“हे... हे कोणी केलं?” पोस्टमास्तरांनी कुजबुजत विचारलं, आणि हळूहळू सगळी रांग पेंटरकडं वळली.

पेंटर तयारच होता. हरामखोर सापडला होता. त्यानं खांदे आवळून घेतले. पण पोस्टमास्तर पुन्हा फळ्याकडं बघू लागले. “वेलबुट्टी आहे,” ते म्हणाले. “बाकी कोणाला नाहीये.”

“अहो,” बायकोनं कोपरानं ढोसलं, “मान सरळ करा. लोक बघतायत.”

“बघू दे,” पेंटर म्हणाला. ऊन सरकेपर्यंत त्यानं मान वाकडीच ठेवली. दुसऱ्या दिवशी ती आखडली, आणि तिच्यावर मलम बायकोनंच चोळलं, जरा जास्तच जोर लावून.