खडूची खोली

सुताराने ट्रेलर आणला तो बायकोला न विचारता. तिथेच माशी शिंकली.

ट्रेलर कसला, गाडीमागे जोडायचं कपाटच ते! आत दोन माणसं जेमतेम आडवी होणार, उभं राहिलं की टाळकं छताला. पण सुतार खूश. पानगळ लागली की बेटावरची गर्दी ओसरते, फेरीबोट रिकामी धावते, किनाऱ्यावर चिटपाखरू नसतं. तिथे ट्रेलर लावायचा, चहा उकळायचा आणि दोघांनी समुद्राकडे बघत बसायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

अडचण एकच. दोघांतली दुसरी हो म्हणत नव्हती.

मागे एकदा ते तंबू घेऊन गेले होते. वाऱ्याने तंबू उडवला आणि दोघांनी अख्खी रात्र उपड्या होडीखाली कुडकुडत काढली. तेव्हापासून बेटाचं नाव निघालं की बाईचं शिवणयंत्र दुप्पट जोरात चालायचं. गिऱ्हाइकांचे पडदे, गाद्यांचे अभ्रे शिवायची ती. मशीनच्या खडखडाटात सुताराचं बोलणं तोंडातच राहायचं. "त्या डब्यात मी पाय ठेवायची नाही," म्हणाली होती, आणि विषय संपला.

त्यात तिचा भाऊ. त्याचं कोंबडीखाद्याचं दुकान. येता-जाता ट्रेलरभोवती बोक्यासारखा घिरट्या घालायचा.

"दाजी, ताई काही येत नाही. मला देऊन टाका. पोती वाहायला बरा पडेल."

"पोती? अरे, त्याला पडदे लावायचेत!"

"शिवणार कोण? तुम्ही?"

शेवटी बाईच म्हणाली, "लोकांना कपाट दाखवता ना, तसं मला रविवारी काढून दाखवा. पटलं तर येईन. नाहीतर ह्याला नेऊ दे एकदाचा."

सुताराची रीतच होती तशी. लाकडाला करवत लावण्याआधी गिऱ्हाइकाच्या घरात फरशीवर खडूने अख्खं कपाट काढायचं, जेवढ्यास तेवढं. "कागद थापा मारतो, फरशी नाही मारत," असं सगळ्यांना सांगायचा.

त्या रविवारी मात्र त्याच्याच फरशीने थाप मारली. उभ्या जन्मात नखभर माप न चुकवलेला माणूस, पण आज त्याने ते मुद्दाम चुकवलं. भिंतीपासून रेघ ओढताना हळूच ती वीतभर बाहेर सरकवली.

बाई पदर खोचून आत उभी राहिली. मेहुणा दाराला टेकून बघत होता.

"ही चूल. इथे खिडकी. आणि हे झोपायचं," सुतार म्हणाला.

"बरंच ऐसपैस आहे की."

"आहे ना!" म्हणत सुतार उगाच खिशात पट्टी शोधायला लागला.

बाई आतल्या खोलीत गेली. बाहेर आली ती काखेत हिरवं जाड कापड घेऊन. झटकून तिने ते भिंतीशी अंथरलं. गादीचा अभ्रा होता, चांगला दुहेरी शिवणीचा. भिंतीला चिकटून बसला आणि खडूच्या रेघेच्या वीतभर अलीकडेच संपला.

"माझी कात्री चुकली म्हणायची," ती म्हणाली, "की तुमची फरशी?"

सुताराचे कान लाल झाले. मेहुणा खिंकाळला, "दाजी, सापडलात!"

पण सुतार त्या कापडाकडेच बघत होता. मग हळूच त्याची ट्यूब पेटली.

"थांब. हे तर ट्रेलरचं माप. तू आत कधी गेलीस?"

"तुम्ही कामाला गेलात की जाते. त्या खिडकीशी चहा चांगला लागतो."

"अगं मग हे रविवारचं नाटक कशाला? जीव टांगणीला लावलास की माझा!"

"आणताना विचारलंत? तंबूच्या वेळी विचारलंत?" ती अभ्रा नीट करत म्हणाली. "म्हटलं, जन्मात एकदा तरी विचारा."

सुताराने घसा खाकरला. लाकडाशी बोलायची सवय त्याला. बायकोला विचारायचं म्हणजे अवघड काम.

"येतेस का गं माझ्याबरोबर बेटावर?"

"खडू द्या इकडे."

तिने त्याची रेघ पायाने पुसली, अभ्र्याच्या काठाने खरी ओढली आणि आत जाऊन बसली. सुतारही अंग चोरून शेजारी बसला. गुडघ्याला गुडघा लागला.

"ताई, आणि माझी पोती?" मेहुण्याने विचारलं.

"डोक्यावर ने," ती म्हणाली, आणि नवऱ्याला कोपराने ढोसलं. "अहो, सरका थोडे. चुलीवर बसलायत तुम्ही."