कुल्सुनची खुर्ची

"अरे, विसरले नव्हते मी! पॉज घेतला होता, पॉज!"

तालीम थांबवून बाक्तीगुल हातातला लगाम आपटत खाली, आपल्या पायांपाशी बघत ओरडली. रंगमंचाच्या पुढच्या कडेला कापलेल्या भोकात, लाकडी टोपणाआड, अडलेल्या नटाला वाक्य सुचवणाऱ्या प्रॉम्प्टरची खुर्ची होती. खुर्चीत ओरोझबेक बसला होता.

"मला वाटलं, अडलीस तू, एजे." बाक्तीगुलला सगळे एजे, म्हणजे थोरली ताई, म्हणत.

"तुला वाटलं! इथं आई मुलाच्या मरणाची बातमी ऐकतेय, आणि हा खालून म्हणतो, 'घोडा आला, घोडा आला.' आपल्या नारीनच्या बाजारातल्या घोड्यांनीसुद्धा कान टवकारले असतील!"

विंगेतले नट हसले. दिग्दर्शक हसला नाही.

"एजे, संध्याकाळी प्रयोगात अडलात, तर उद्यापासून ही आई दुसरी कुणी करेल. आणि ते भोक फळ्या ठोकून बंद. आता कोण ठेवतंय प्रॉम्प्टर?"

तालीम संपली. ओरोझबेक खालीच बसून राहिला.

तो पडदा ओढणारा माणूस. त्याचे आयुष्य विंगेत, दोरापाशी गेले. नाटक त्याने नेहमी बाजूने पाहिले होते. नटांचे कान आणि खांदे त्याला पाठ होते. प्रॉम्प्टर होती ती त्याची बायको, कुल्सुन. सफरचंदे झाडांवरून उतरवली तेव्हा ती वारली. चाळिसाव्या दिवसाचे विधी झाले, पिठाचे तळलेले बोर्सोक वाटून झाले, माणसे आपापल्या घरी गेली आणि तिची खुर्ची ओरोझबेककडे आली.

इस्पितळात ती म्हणाली होती, "एजे विसरते हल्ली. मला एकटीलाच ठाऊक आहे. आता तुला. तिला उघडी पाडू नकोस."

"पण पॉज कुठला आणि विसरणं कुठलं, हे ओळखायचं कसं?" त्याने विचारले होते.

तेवढ्यात नर्स सुई घेऊन आली, आणि ते राहूनच गेले.

संध्याकाळी पहिली घंटा झाली. लोक कोट न काढताच खुर्च्यांवर बसले. पडद्याचा दोर आज सुताराकडे होता. ओरोझबेक संहिता घेऊन खाली उतरायला निघाला आणि विंगेतच ती त्याच्या हातातून निसटली. पाने फरशीवर पसरली.

"बस! बस त्याच्यावर!" तिघे-चौघे एकदम ओरडले. पडलेल्या संहितेवर बसल्याशिवाय ती उचलायची नाही, नाहीतर वाक्ये पळतात, हे नाटकातल्या माणसाला सांगावे लागत नाही. ओरोझबेक मुकाट्याने पानांवर बसला.

"सरक," बाक्तीगुल म्हणाली आणि आईच्या जाड झग्यासकट त्याच्या शेजारी टेकली. "माझीही वाक्यं आहेत त्यात."

दुसरी घंटा झाली.

"एजे, मला खरंच कळत नाही. तू थांबलीस म्हणजे मी काय समजायचं?"

"मला काय विचारतोस? मी कधी खाली बघितलं? कुल्सुनला वि..."

तिने झगा गोळा केला. मग त्याच्या गुडघ्यावर हात रोवून उठली. "चल. गार आहे फरशी."

तिसरी घंटा झाली आणि पडदा उघडला.

ओरोझबेकने मान वर केली आणि त्याला पुढचे पान उलटायचे भानच राहिले नाही. हा पडदा त्याने जन्मभर उघडला आणि मिटला, पण एजेचा चेहरा त्याने कधी पाहिलाच नव्हता. खालून ती डोंगराएवढी दिसत होती. सकाळी त्याला घोड्यांवरून टोमणे मारणारी बाई कुठेच नव्हती. तिथे एक आई होती, खिंडीकडे बघणारी, आणि तिच्या डोळ्यांत ती खिंड होती. हे कुल्सुनला रोज दिसत होते, आणि घरी येऊन चहा ओतताना ती एवढेच म्हणायची, "आज एजे बरी बोलली."

बातमीचा प्रवेश आला. बाक्तीगुलने मुलाशिवाय परतलेल्या घोड्याचा लगाम हातात घेतला आणि ती थांबली.

ओरोझबेकचे ओठ हलले. त्याने ते दातांखाली धरले. तिच्या गळ्याच्या खळग्याकडे त्याचे लक्ष गेले. तो सावकाश वर-खाली होत होता. सगळे प्रेक्षागृह त्या श्वासाबरोबर थांबले होते. मग ती बोलली, "घोडा आला. म्हणजे तोही येईल." मागे कुठेतरी एक म्हातारा हुंदका दाबत खोकला.

शेवटच्या अंकात ती पुन्हा थांबली. तसाच लगाम, तशीच मान. दुसऱ्या कुणालाही तोच पॉज वाटला असता. पण गळ्याचा खळगा हलत नव्हता.

श्वास अडला की तो खळगा कसा दिसतो, हे ओरोझबेकला माहीत होते. कुल्सुनच्या उशाशी बसून त्याने दुसरे काही पाहिलेच नव्हते.

"दार उघडं ठेवा," तो कुजबुजला. श्वासाएवढ्याच आवाजात.

"दार उघडं ठेवा," आई म्हणाली. "त्याला ठोठावायची सवय नाही."

टाळ्या सुरू झाल्या. दिग्दर्शक विंगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. नट ओळीने पुढे आले, वाकले. बाक्तीगुल सगळ्यांत खाली वाकली आणि तिने उजवा हात जमिनीजवळ नेला. तिची ही लकब त्याने विंगेतून वर्षानुवर्षे पाहिली होती. वय झाले, तोल सावरते, असे त्याला वाटायचे, आणि तो घाईने पडदा मिटायचा.

आज त्याला समोरून दिसले. तळहात उघडा होता. टोपणाच्या आत, कुल्सुनच्या खुर्चीच्या दिशेने धरलेला.

ओरोझबेकने हात पुढे केला नाही. कुल्सुनपुरती जागा करून तो खुर्चीत थोडा बाजूला सरकला, आणि पडदा मिटेपर्यंत तसाच बसून राहिला.