वाल्टेरचं स्थळ

रायपूरच्या तात्यापाऱ्यात कोणाच्या मुलीचं लग्न जमवायचं निघालं की कुमुदताईंना हमखास बोलावणं यायचं. पत्रिका गुरुजींनी बघावी, पगार बापाने विचारावा, पण घर बघावं ते कुमुदताईंनीच. त्यांची रीत ठरलेली होती. गेल्या गेल्या पाणी मागायचं आणि ते कोण आणतं, कसं आणतं ते बघायचं. बैठकीच्या खोलीत जीव रमवायचा नाही. हात धुवायचं निमित्त करून मागच्या दारी जायचं. आणि निघताना आपली कापडी पिशवी मुद्दाम विसरायची. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरायचं. पाहुणे गेले म्हणून सैलावलेलं घर तेवढ्या वेळात खरं काय ते दाखवून देतं. राजनांदगावच्या एका घरी त्या अशाच परतल्या, तर नवरदेव खुर्चीत पसरला होता आणि म्हातारी आई खाली बसून त्याचे बूट काढत होती. पिशवी घेऊन कुमुदताई बाहेर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "नाही जमत."

आता त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. राहणं मुलाकडे, समता कॉलनीत. स्थळं आता मोबाईलवर बघतात, त्यामुळे बोलावणी थांबली होती. आणि एकदम घरातूनच बोलावणं आलं. स्थळ मात्र मुलाचं नव्हतं. शहराचं होतं.

नात ओवी एम.एससी. झाली होती. विशाखापट्टणमला, समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती. तिच्या आईने, मंजिरीने, महिनाभर घर डोक्यावर घेतलं.

"काहून? रायपुरात नोकऱ्या नाहीत काय?"

"मम्मी, रायपुर में समुंदर नहीं है न," ओवी म्हणाली. तिला मराठी सगळी समजायची, उत्तर मात्र हिंदीतच यायचं.

"अनोळखी गाव. भाषा येत नाही. एकटी पोट्टी."

शेवटी ओवीनेच तोडगा काढला. "आजी जाके देख ले. आजी ना बोलेगी तो नहीं जाऊँगी. प्रॉमिस."

पहाटे स्टेशनवर ओवी पाण्याची बाटली आणायला गेली तेव्हा मंजिरी सासूच्या कानाशी आली. "आई, गाव चांगलं असलं तरी चांगलं नाही असंच सांगा. तुमचंच ऐकते ती."

कुमुदताई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. खरं सांगायचं तर त्यांच्याही मनात तेच होतं. ओवी चालायला लागली तेव्हापासून आजीच्या खोलीत झोपायची. पंखा एकवर ठेवायचा की तीनवर, यावरून दोघींचं रोज भांडण. ते भांडण संपलं तर त्या खोलीत उरणार काय? एखादी खोट सापडली तर बरंच, असं मनाशी धरून त्या गाडीत बसल्या.

वंदे भारत सुटली. महासमुंद, खरियार रोड, कांटाबांजी. ही नावं कुमुदताईंना आपल्या माहेरच्या गल्ल्यांसारखी पाठ होती. त्यांचे यजमान नरहरी याच लाईनवर मालगाडीचे गार्ड होते. ओडिशातल्या रायगडा स्टेशनच्या पुढे हिरवे डोंगर खिडकीला येऊन भिडले आणि गाडी बोगद्यात शिरली, तशा त्या म्हणाल्या, "तुझे आजोबा म्हणत, इथं अंधारातही जंगलाचा वास येते."

"एसी में कुछ नहीं आता आजी."

"मले येऊन राहिला न."

लग्नानंतर दोन-तीन वर्षांत त्या एकदाच विशाखापट्टणमला आल्या होत्या, रेल्वेच्या पासवर. तेव्हा गावाला सगळे वाल्टेरच म्हणत. नरहरींना तिकडे बदली मिळत होती आणि सासूबाई गाव बघायला सोबत होत्या. क्वार्टरच्या नळाचं पाणी त्यांनी तोंडात घेतलं, थुंकलं आणि म्हणाल्या, "मचूळ आहे. लेकरं वाढायची नाहीत इथं." विषय संपला. पाण्याची परीक्षा कुमुदताई त्यांच्याकडूनच शिकल्या. आदल्या संध्याकाळी समुद्रात पाय बुडवून बसलेल्या कुमुदला मात्र कोणी काही विचारलं नव्हतं.

दुपारी गाडी पोचली. उन्हं कलल्यावर दोघी रामकृष्ण बीचवर गेल्या आणि खोट शोधायला निघालेल्या कुमुदताई जागीच थांबल्या. समुद्र तस्साच होता. गाव भोवती चौपट वाढलं होतं, पण डोंगर तेच. उजव्या हाताला पाण्यात सोंड खुपसून बसलेला तो डोंगर आणि त्यावरचा दीपस्तंभ तोच. दूर बंदराबाहेर जहाजं सिग्नल न मिळालेल्या मालगाड्यांसारखी उभी होती. डोंगर आणि समुद्र एकमेकांना इतके खेटून राहतात, हे त्यांनी पुढच्या साऱ्या आयुष्यात दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं.

"कैसा है?" ओवीने विचारलं.

"दमट आहे," त्या म्हणाल्या. "पदर पाहा, अंगाले चिकटून राहिला."

तिन्हीसांजा झाल्या तरी त्या उठेनात. अंधार पडल्यावर मुली घरी कशा जातात, हे त्यांना बघायचं होतं. कठड्यावर एक पोरगी एकटीच पुस्तक वाचत बसली होती. दोघी-तिघी वेणीत मोगरा माळून स्कूटरवर आल्या, मुरी मिक्स्चरचे कोन घेतले, कांदा-लिंबू घातलेले ते मुरमुरे खात खिदळल्या आणि निघून गेल्या. त्यांच्याकडे वळून कोणी पाहिलंही नाही. कुमुदताईंनी मुरमुऱ्यांचा घास घेतला आणि त्यांना जोराचा ठसका लागला.

"केवढं हे तिखट! लिहून ठेव."

"आप सावजी खाने वाले लोग हो, आजी. नाटक मत करो."

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर आणून ठेवलेल्या पाणबुडीत त्या गोल दारांतून वाकत वाकत, ओवीचा हात धरून आरपार गेल्या. एकावर एक टांगलेल्या त्या अरुंद बर्थ बघून त्यांना नरहरींची ब्रेकव्हॅन, मालगाडीच्या शेवटचा गार्डाचा डबा, आठवली. माणसं घर सोडून काय काय पेलतात, असं त्यांच्या मनात आलं. मग दोघी सिंहाचलमला गेल्या. तिथला नरसिंह वर्षभर चंदनाच्या लेपाखाली झाकलेला असतो. खरं रूप दिसतं ते वर्षातून एक दिवस. कुमुदताईंनी हात जोडले आणि हळूच म्हणाल्या, "याच्याकडेही पिशवी विसरावी लागते म्हणायची."

"क्या?"

"काही नाही. चाल."

संध्याकाळी कैलासगिरीवर गेल्या, रोपवेच्या पाळण्यातून. खाली किनारा वळत वळत पार भीमिली गावाच्या दिशेला गेला होता आणि लाटेची पांढरी किनार लुगड्याच्या काठासारखी त्याच्यासोबत धावत होती. कुमुदताईंच्या तोंडून निघूनच गेलं, "काय देखणं आहे ग बाई हे!"

ओवीने चमकून पाहिलं.

"दुरून सगळंच देखणं असते," त्यांनी घाईने भर घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओवीची राहायची जागा बघायची होती, पेद्दा वाल्टेर या वस्तीत. घरमालकीण नरसम्मा कुमुदताईंच्याच वयाची होती. नौदलातल्या लोकांच्या क्वार्टरांमध्ये वर्षानुवर्षं डबे पोचवून हिंदी शिकलेली. कुमुदताईंनी पाणी मागितलं. नरसम्माने लखलखीत स्टीलच्या ग्लासातून स्वतः आणलं. "फिल्टर का है, अम्मा. नल का मत पीना."

पाणी गोड होतं. कुमुदताई हात धुवायला मागे गेल्या. शेवग्याचं झाड, धुतलेली मोरी, दोरीवर भाडेकरू मुलींचे कपडे. तिथेही काही निघालं नाही. वरची खोली बघून झाली, बोलणं झालं, आणि उठताना त्यांनी पिशवी हळूच सोफ्याच्या आड सरकवली.

कोपऱ्यावर पोचल्यावर त्या थबकल्या. "अगंबाई, पिशवी राहिली!"

"मैं लाती हूँ."

"तू थांब. मलेच जाऊ दे."

त्या लगबगीने परतल्या आणि फाटकाशीच उभ्या राहिल्या. नरसम्मा आत गेलीच नव्हती. फाटकाजवळ खुर्ची टाकून ती बसली होती. मांडीवर पिशवी.

"आओ अम्मा," ती म्हणाली. "मैं बोली, इतना देर काहे को लग रहा?"

कुमुदताई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "वो... भूल गई मैं."

"भूला नहीं. रखा." नरसम्माच्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं. "मेरा तीन बेटी है. तीनों का ससुराल देखने को गई. मैं छत्री भूलती थी."

आणि मग दोघी म्हाताऱ्या फाटकाचा आधार घेऊन अशा हसल्या की वरच्या खिडकीतून एका मुलीने डोकं बाहेर काढलं.

"अब आओ," डोळे पुसत नरसम्मा म्हणाली, "खराब वाला बताती है." तिने कुमुदताईंना हाताला धरून फिरवलं. "ये ग्रिल देखो, दो साल में सड़ गया. नमक का हवा है. तूफान आता है. हुदहुद आया तब कितने दिन लाइट नहीं, मेरा पुराना झाड़ सब गिरा. गर्मी में चिपचिप. और लड़की लोग फोन किए बिना लेट आया, तो मैं यहाँ खड़ा होके चिल्लाती है. बाद में रोता है, घर जाना बोलता है. तुम्हारा भी रोएगी. पहला महीना सब रोता है."

"फिर?"

"फिर क्या? सिर में तेल डालती है."

आपलं उणं आपणहून दाखवणारं घर कुमुदताईंना उभ्या आयुष्यात भेटलं नव्हतं. ज्या खोटींसाठी त्या तीन दिवस हिंडत होत्या, त्या सगळ्या या बाईने एका दमात हातात ठेवल्या होत्या, आणि त्यांतली एकही नाही म्हणण्याच्या कामाची नव्हती.

परतीच्या गाडीला वेळ होता. दोघी पुन्हा समुद्रावर गेल्या. कुमुदताई चपला काढून पाण्यात उभ्या असतानाच मंजिरीचा फोन आला.

"आई, पाहिलं न? कसं आहे? पाणी कसं आहे तिथलं?"

लाट आली, घोट्यांना वेढा घालून पायाखालची वाळू ओढत परत गेली. थोड्या अंतरावर ओवी पाठ करून उभी होती, पण तिचे कान इकडेच होते हे त्या ओळखून होत्या. आज रात्रीच पंखा तीनवर ठेवू द्यावा, असं त्यांना वाटून गेलं.

"पाण्याचं विचारू नको मंजिरी," त्या म्हणाल्या. "पाण्यावरून एकदा या गावाले नाही म्हणून झालं आहे. स्थळ चांगलं आहे."

"आई! आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं नव्हतं. तू बोलली होती, मी ऐकलं होतं." त्यांनी ओवीच्या पाठीकडे पाहिलं. "मलेही नाहीच म्हणायचं होतं ग. पण स्थळाचं खोटं मी कधी सांगितलं नाही, आता नातीपासून सुरुवात करू काय?"

पलीकडे मंजिरीने नाक ओढल्यासारखं वाटलं. "जेवायला काय मिळते तिथं?"

"तिखट. पोट्टी खाऊन राहिली आवडीनं."

ओवी धावत येऊन गळ्यात पडली तेव्हा कुमुदताईंनी तिला दूर लोटलं. "हो बाजूला, पडीन मी लाटेत." पण हात सोडला नाही.

ऑटो स्टेशनच्या वाटेला लागला तेव्हा ओवीने सामान मोजलं आणि ओरडली, "आजी! आपकी थैली! नरसम्मा आंटी के यहाँ से लाई थी न?"

"मी लाडू द्यायले गेली होती न मघाशी एकटी, तिथंच विसरली."

"फिर से? भैया, गाड़ी वापस लो..."

"नको," कुमुदताईंनी ऑटोवाल्याच्या खांद्याला हात लावला आणि बाहेर बघू लागल्या. दोन इमारतींच्या फटीतून समुद्र अजून दिसत होता. "राहू दे तिथंच. घ्यायले यावंच लागेल न मले."