शांभवी निष्क्रिय आहे

आमच्या कॉलेजात ऑनलाइन शिकवण्याचं पोर्टल निवडायला समिती असते आणि समितीला जेवण असतं. दोन्ही गोष्टी एका वाक्यात लिहिल्या, कारण आमच्याकडे त्या एकाच दिवशी, एकाच टेबलावर होतात.

मी अरुणा चौगुले. शाहूपुरीतल्या या कॉलेजात बी.कॉम.च्या मुलांना कॉस्टिंग शिकवते. आजवर दोन पोर्टलं पार पाडली. त्यांची नावं कोणाच्या लक्षात राहिली नाहीत, म्हणून आम्ही ती रंगावरून ओळखतो. निळं गेलं ते माझ्या सगळ्या नोट्स पोटात घेऊन गेलं. हिरव्यात त्या परत चढवत होते, तोवर हिरवंच जुनं झालं. यंदा जांभळं आलं.

जांभळं दाखवायला कंपनीचा माणूस आला त्या दिवशी तांबडा-पांढरा रस्सा फर्मास होता म्हणे. मी आणि प्राचार्य रेवणसिद्ध बागेवाडी पनीरवाले. पण प्राचार्यांचं सगळं लक्ष संस्थेच्या अध्यक्षांच्या, म्हणजे हंबीररावांच्या चेहऱ्याकडे होतं, त्यामुळे पडद्याकडे बघणारी मी एकटीच उरले. पडद्यावर लॉगिनचं पान होतं आणि त्यावर हंबीररावांचा फोटो आधीच लावून आणला होता. निवड तिथंच झाली. पुढचा तासभर नुसती चर्चा होती.

"ह्यात पोरगं किती येळ अभ्यास करतंय ते दिसतंय काय?" हंबीररावांनी हाडाशी झटापट करत विचारलं.

"मिनिटामिनिटाला, साहेब. व्हिडिओ सुरू असला की अभ्यास सुरू. बंद झाला की विद्यार्थी निष्क्रिय."

मी विचारलं, "आणि एखादीनं ऑडिओ उतरवून घेतला आणि बसमध्ये ऐकला तर?"

"मॅडम, डाउनलोड हा भूतकाळ आहे," तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पनीर खाल्लं.

मी विचारलं ते शांभवीसाठी. शांभवी हातकणंगल्याची, तिसऱ्या वर्षाला. घरात कमावणारी ती एकटीच. दिवसा सूतगिरणीत कामाला जाते, गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी कॉलेजात येते. मी छोटे छोटे ऑडिओ धडे करून ग्रुपवर टाकायचे. ती ते बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, पुन्हा पुन्हा ऐकायची. माझ्या चाचणीत वर्गात पहिली आली ती अशी ऐकून. आता फतवा निघाला की ग्रुप बंद, धडे फक्त जांभळ्यावर, तेही कॉलेजच्या बोधचिन्हासकट व्हिडिओत. आणि पडद्यावरचे तास पुरे नसतील तर परीक्षेचा फॉर्म पुढे जाणार नाही. मी व्हिडिओ केले. ग्रुपही गुपचूप चालू ठेवला.

सत्र संपत आलं आणि जांभळ्यानं निकाल दिला. अभ्यासात कॉलेजात पहिला सम्राट. शिवाजी पेठेतल्या फुटबॉल संघाचा हा गोलकीपर वर्गात कोणाला फारसा दिसलेला नव्हता. शेवटच्या ओळीत, लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'शांभवी निष्क्रिय आहे.'

नेमकी त्याच आठवड्यात बाहेरगावची तपासणी समिती आली. तिच्या अध्यक्षांना पहिल्या आलेल्या मुलाशी बोलायचं होतं. सम्राटला मैदानावरून उचलून आणलं. गुडघ्यावर माती तशीच.

"इतका वेळ एकाग्र कसा राहतोस?" अध्यक्षांनी कौतुकानं विचारलं.

"मी कुठला ऱ्हातोय सर," सम्राट म्हणाला. "तालमीत एक्स्टेन्शन बोर्ड हाय. फोन चार्जिंगला लावायचा, व्हिडिओ सुरू करायचा आन् प्रॅक्टिसला जायचं. समद्या पोरांचं फोन तितंच असत्यात की."

मला वाटलं, सुटलो. खरं बोलणारं एक पोरगं निघालं आणि आता हे जांभळं खूळ संपलं. पण प्राचार्य उगाच प्राचार्य झालेले नाहीत. ते हसून म्हणाले, "सर, याला आम्ही समूह-अध्ययन म्हणतो." समितीनं ते लिहून घेतलं. अहवालात त्याच्याआधी 'अभिनव' हा शब्द लागून आला.

मी शांभवीचा फॉर्म घेऊन प्राचार्यांकडे गेले. ही मुलगी वर्गात पहिली आहे, म्हटलं, आणि फॉर्म अडला तर तिचं वर्ष जाईल. पदवी झाली तर गिरणीच्या ऑफिसात जागा द्यायचं तिला कबूल केलंय, तेही जाईल. मी आवाज चढवला होता. लपवत नाही, मला संताप आला होता.

"नियम आहे, मॅडम," ते म्हणाले. "अजून आठवडा आहे. तिलाही फोन सुरू ठेवायला सांगा. एवढं काय त्यात?"

म्हणजे शिक्षणाचा अधिकृत सल्ला हा होता. मी तो शांभवीला फोनवर सांगितला.

"मॅडम, फोन एकच हाय. त्यो घरात सुरू ठिवून गेलो तर बसमध्ये ऐकू कशावर?"

मी तिचा पासवर्ड मागून घेतला.

घरातला एक जुना फोन स्वयंपाकघरात, मिक्सरच्या शेजारी लावून ठेवला. आठवडाभर रात्रंदिवस मी माझ्याच ओट्यावर मलाच शिकवत होते. भाकरी थापताना माझाच आवाज मला विचारायचा, "समजलं का?" आमचे हे, पार्श्वनाथ, आयुष्यभर किराणा विकलेला माणूस, चौथ्या दिवशी म्हणाले, "अगं, ते बंद कर. ना नफा ना तोटा बिंदू मला झोपेत दिसायला लागलाय."

तास भरले. लाल अक्षरं हिरवी झाली, फॉर्म गेला. त्या रात्री मी नीट झोपले, पण शरमही वाटत होती. हुशार मुलीला हुशार ठरवायला मला तिच्या नावानं चोरी करावी लागली.

सोमवारी प्राचार्यांनी बोलावलं. भलतेच खूश होते. "पाहिलंत? तुमची शांभवी आठवड्यात कुठल्या कुठे गेली. दिवसरात्र अभ्यास करतेय पोरगी. याला म्हणतात पोर्टलचा परिणाम. शनिवारी हंबीररावांच्या हस्ते फेटा बांधून सत्कार करू. कळवा तिला."

मी कळवलं. मागे गिरणीचा खडखडाट होता, त्यामुळे ती ओरडूनच बोलली.

"शनवारी ड्युटी हाय, मॅडम. तुमीच घ्या की फेटा बांधून. अभ्यास तुमीच केलाय न्हवं?"